पन्नास केबीचा चेहरा: ऑनलाइन अर्जातील छायाचित्राचा इतिहास

१/१९
मुंबई उपनगर जिल्ह्याच्या बोरिवली तालुक्यात, कांदिवली पूर्वेला, पश्चिम द्रुतगती महामार्गापासून थोड्याच अंतरावर आयबीपीएसची इमारत उभी आहे. इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग पर्सोनेल सिलेक्शन हे या संस्थेचे पूर्ण नाव. देशभरातील सरकारी बँकांत कारकून किंवा अधिकारी होऊ पाहणारे लाखो तरुण तिच्या संकेतस्थळावर अर्ज भरतात. अर्जाच्या सूचनांमध्ये एक रूक्ष ओळ असते: छायाचित्र २० ते ५० केबी, स्वाक्षरी १० ते २० केबी. त्या ओळीपाशी अडकून अनेकांच्या रात्री गेल्या आहेत. ही अट आली कोठून, ती पाळणे शक्य झाले कोणाच्या गणितामुळे आणि तिचा भार आज कोण वाहतो, याचा हा धागा.

२/१९
प्रथम अट नीट वाचावी लागते. आयबीपीएसला उमेदवाराच्या चार प्रतिमा हव्या असतात. छायाचित्र शक्यतो २०० × २३० पिक्सेल. स्वाक्षरी शक्यतो १४० × ६० पिक्सेल. डाव्या अंगठ्याचा ठसा २४० × २४० पिक्सेल, २० ते ५० केबी. स्वहस्ताक्षरातील इंग्रजी प्रतिज्ञापत्र ८०० × ४०० पिक्सेल, ५० ते १०० केबी. चेहरा, सही, अंगठा आणि अक्षर: माणूस ओळखण्याच्या चार वेगवेगळ्या काळांतील चार खुणा एकाच अर्जात एकत्र आल्या आहेत. यांतील प्रत्येक खूण आपापला इतिहास घेऊन येते.

३/१९
सर्वांत जुनी परंपरा खुणेची. जुन्या मराठी कागदपत्रांत अक्षरओळख नसलेला कुणबी सहीच्या जागी नांगर काढून घेई, आणि कागदावर ‘निशाणी नांगर’ असा उल्लेख येई. माणसाची ओळख त्याच्या अवजारातून पटे. त्या लहानशा चित्राला गावाची ग्वाही असे. पंचांसमोर कोणी काय कबूल केले, हे सारा गाव जाणून असे. पुढे या नांगराची जागा अंगठ्याने घेतली आणि दस्तऐवजांवर ‘नि. डा. अं.’, म्हणजे निशाणी डावा अंगठा, ही अक्षरे रुळली. कांदिवलीच्या अर्जातही आज डावाच अंगठा मागितला जातो.

४/१९
अंगठ्याला सरकारी मान मिळाला तो बंगालमध्ये. जुलै १८५८ मध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. पुढे करार नाकारण्याची सोय राहू नये, हा त्यामागचा हेतू. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय सुरू झाले. ठशांच्या वर्गीकरणाचे काम तेथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी तडीस नेले. ती पद्धत मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली. गावाच्या ग्वाहीची जागा आता कार्यालयातील कपाटाने घेतली होती.

५/१९
छायाचित्राची वाटचाल मुंबईशी अधिक जवळून निगडित आहे. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे येथील आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. त्याच १८५४ साली पॅरिसमध्ये दिस्देरी या छायाचित्रकाराने एकाच काचेवर अनेक छोटी चित्रे घेण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले. चित्र लहान झाले, म्हणून स्वस्त झाले, आणि स्वस्त झाले म्हणून मध्यमवर्गाच्या घरात पोहोचले. आकार आणि खर्च यांचे नाते संगणकाच्या शंभर वर्षे आधीच जुळले होते.

६/१९
पहिल्या महायुद्धाच्या काळात सरहद्दी कडक झाल्या आणि पारपत्रावर छायाचित्र अनिवार्य होऊ लागले. त्यातून ‘पासपोर्ट साईझ’ हा शब्द जन्मला आणि पारपत्र कधीही न काढलेल्या माणसाच्या तोंडीही तो बसला. ३५ × ४५ मिलिमीटरचा हा कागद शाळेच्या दाखल्यापासून लोकलच्या पासाच्या ओळखपत्रापर्यंत सगळीकडे लागू लागला. कागदी अर्जात त्यासाठी चौकोन आखलेला असे. चित्र मोठे असले तर कात्रीने कापायचे, डिंकाने चिकटवायचे आणि राजपत्रित अधिकाऱ्याची सही घ्यायची: अर्धी चित्रावर, अर्धी कागदावर. कटकट होतीच, पण कात्री कशी चालवायची, हे कोणाला शिकवावे लागत नव्हते.

७/१९
१९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. शाखा वाढल्या, कर्मचाऱ्यांची गरज वाढली आणि भरती हे प्रचंड काम होऊन बसले. १९७५ मध्ये राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्थेचा एक विभाग म्हणून निवडसेवेचे काम सुरू झाले. १९८४ मध्ये त्यातूनच आयबीपीएस ही स्वतंत्र संस्था आकाराला आली. २०११ पासून सरकारी बँकांसाठी सामाईक लेखी परीक्षा सुरू झाली. वेगवेगळ्या बँकांकडे विखुरलेले अर्ज एका दाराशी आले, आणि ते दार आता संकेतस्थळाचे होते. डिंकाची बाटली गेली, तिच्या जागी ‘अपलोड’ हे बटण आले.

८/१९
या बटणामागची अडचण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. टेलिफोनच्या तारेवरील उत्तम मोडेमही पुढे बराच काळ सेकंदाला ३३.६ किलोबिट एवढ्याच वेगाने माहिती वर पाठवू शके. त्या वेगाने ५० केबीची फाइल सुमारे १२ सेकंदांत जाते. आजच्या मोबाइलने टिपलेले ४ एमबीचे छायाचित्र त्याच तारेवरून पाठवायचे म्हटले तर सुमारे १६ मिनिटे लागतील, आणि तेवढ्यात कोणी रिसीव्हर उचलला तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. अशा काळात लहान फाइलची अट ही अर्जदाराचीही सोय होती.

९/१९
दुसरे कारण साठवणुकीचे. उदाहरणादाखल १० लाख अर्ज धरू. चारही प्रतिमा कमाल मर्यादेच्या धरल्या तर एका अर्जाच्या ५० + २० + ५० + १००, म्हणजे २२० केबी होतात आणि सगळ्या अर्जांच्या मिळून २२० जीबी. तेच प्रत्येकाने ४ एमबीच्या चार प्रतिमा पाठवल्या तर १६ टीबी, म्हणजे सत्तर पटींहून अधिक. भरीस भर, शेवटच्या दिवशी शेवटच्या तासात एकदम उसळणारी गर्दी. मर्यादा घालणाऱ्याकडे कारणे होती. २० केबीची किमान मर्यादाही निरर्थक नाही: फारच लहान फाइलमध्ये चेहरा ओळखू येईलच, याची खात्री नसते.

१०/१९
आता प्रश्न असा, की चेहरा ५० केबीत मावतो कसा? छायाचित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, म्हणजे ३ बाइट लागतात. मोबाइलचे ४००० × ३००० पिक्सेलचे चित्र म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. जसेच्या तसे साठवले तर ३६ एमबी. तरीही मोबाइलमध्ये ती फाइल साधारण ३-४ एमबीचीच दिसते. म्हणजे चित्र अर्जदाराच्या हाती येण्यापूर्वीच एकदा सुमारे दहा पटींनी आटलेले असते. ही किमया ज्या गणिताची आहे, त्याचा जनक बंगळुरूमध्ये जन्मला.

११/१९
नासिर अहमद यांचा जन्म १९४० चा. बंगळुरूत अभियांत्रिकी शिकून ते अमेरिकेला गेले आणि पुढे कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवू लागले. १९७२ मध्ये त्यांनी ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’, अर्थात डीसीटी, या कल्पनेवर संशोधन करण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. ते नाकारले गेले. अहमद थांबले नाहीत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी काम पुढे नेले आणि जानेवारी १९७४ मध्ये त्यांचा छोटेखानी शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आज जगातील बहुसंख्य छायाचित्रे त्या काही पानांच्या आधारावर साठवली जातात.

१२/१९
डीसीटीचे तत्त्व गायनाच्या उपमेने समजते. मैफलीत षड्ज सतत कानावर असतो. बारीक हरकती येतात आणि जातात. चित्राचेही तसेच. गालाचा किंवा भिंतीचा सपाट रंग हा त्याचा षड्ज, केसांची टोके आणि कापडाची वीण या हरकती. डीसीटी चित्राच्या छोट्या तुकड्यातील षड्ज आणि हरकती वेगळ्या करून आकड्यांत मांडते. मग बारीक हरकतींच्या आकड्यांना मोठ्या संख्येने भागून जवळचा पूर्णांक घेतला की त्यांतील बहुतेक शून्य होतात. शून्यांची लांब रांग लिहायला जागा फारशी लागत नाही. डोळ्याला उणीव सहसा जाणवत नाही; गेलेले तपशील मात्र कायमचे जातात.

१३/१९
या तत्त्वावर जागतिक मानक तयार करण्यासाठी १९८६ मध्ये तज्ज्ञांचा एक गट एकत्र आला: जॉइंट फोटोग्राफिक एक्स्पर्ट्स ग्रुप, म्हणजेच जेपेग. १९९२ मध्ये मानक मंजूर झाले. चित्राचे ८ × ८ ठिपक्यांच्या चौकटींत तुकडे करायचे, प्रत्येक चौकटीवर डीसीटी चालवायची, नको ते आकडे शून्यात काढायचे आणि उरलेले आकडे थोडक्यात लिहायचे. थोडक्यात लिहिण्याची युक्ती डेव्हिड हफमन यांची. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेली ही युक्ती त्यांना विद्यार्थिदशेत एका वर्गासाठी निबंध लिहिताना सुचली होती. अर्जात ‘जेपीजी फाइल जोडा’ असे लिहिलेले असते, तेव्हा एवढा इतिहास त्या तीन अक्षरांत असतो.

१४/१९
बहुतेक अर्जदार येथेच अडतात, कारण ‘फोटो लहान करणे’ या शब्दप्रयोगात दोन वेगळ्या क्रिया दडल्या आहेत: ठिपक्यांची संख्या कमी करणे आणि तपशील गाळणे. ४००० × ३००० च्या चित्रात ८ × ८ च्या १,८७,५०० चौकटी असतात. प्रत्येक चौकटीमागे काही बिट खर्च होतातच. नेहमीच्या जेपेगमध्ये एवढ्या चौकटींची नुसती हजेरी लावायलाच ५० केबीहून अधिक जागा लागते. मग दर्जाची पट्टी कितीही खाली ओढली तरी फाइल बसत नाही आणि चेहऱ्यावर चौकोनी डाग मात्र उमटतात. याउलट चित्र आधी कापून २०० × २३० वर आणले तर चौकटी उरतात अवघ्या ७२५. कच्चे चित्रच १३८ केबीचे. ते ५० केबीत आणायला तिपटीचीही आटणी लागत नाही. आधी कापणी, मग मोजमाप, शेवटी दर्जा, हा क्रम पाळला तर अट जाचक राहत नाही.

१५/१९
तरी अटींच्या आतील विसंगती उरतातच. पासपोर्ट साईझ छायाचित्राची रुंदी उंचीच्या सुमारे ७८ टक्के असते. २०० × २३० मध्ये ती ८७ टक्के आहे. स्टुडिओतील छायाचित्र न कापता या मापात कोंबले तर चेहरा फुगीर दिसतो. स्वाक्षरीची गंमत उलटी आहे. १४० × ६० पिक्सेलची पांढऱ्या कागदावरील काळी सही जेपेगमध्ये साठवली तर ती अनेकदा १० केबीच्या खालीच राहते, म्हणजे किमान मर्यादेत नापास होते. मग उमेदवार फाइल मोठी करण्याच्या मागे लागतो. राज्याच्या ‘आपले सरकार’ संकेतस्थळाचे माप आणखी वेगळे: १६० पिक्सेल रुंदी आणि ५ ते २० केबी. एका अर्जासाठी घडवलेला चेहरा दुसऱ्या अर्जात चालत नाही.

१६/१९
अंगठ्याच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर होतो. ठशाची ओळख बारीक रेषांत असते, आणि जेपेग जोरात आवळले की सर्वप्रथम बारीक रेषाच जातात. अमेरिकेच्या एफबीआयने आपल्या कोट्यवधी ठशांसाठी जेपेग पारखून पाहिले. ८ × ८ च्या चौकटी रेषांवर उमटतात हे दिसल्यावर १९९३ मध्ये डब्ल्यूएसक्यू ही निराळी पद्धत स्वीकारली. २४० × २४० च्या मापात २० ते ५० केबीपर्यंत जागा असल्याने आयबीपीएसच्या अटीत रेषा टिकू शकतात. पण घाईघाईत, अंधूक उजेडात, मोबाइलने टिपून दोन-तीनदा आवळलेला ठसा केवळ काळा डाग होऊन बसतो. तो डाग कोणाचा, हे पुढे कोण सांगणार?

१७/१९
अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड, कोणत्याही स्थानकाबाहेर पडले की झेरॉक्सच्या दुकानावर पाटी दिसते: ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.’ या दुकानदाराचा पूर्वज कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस. सरकारची भाषा ज्याला येत नसे, त्याच्या वतीने तो लिही आणि मोबदला घेई. आज सरकारची भाषा पिक्सेल आणि केबीची झाली आहे, म्हणून तिचाही दुभाष्या आला. पण अर्जनवीसाकडे माणसाचे फक्त गाऱ्हाणे पोहोचत असे. येथे चेहरा, सही, अंगठा आणि हस्ताक्षर अशा चारही खुणा परक्या संगणकाच्या ‘डाउनलोड्स’मध्ये राहून जातात; नाहीतर फुकट फोटो लहान करून देणाऱ्या एखाद्या अनोळखी संकेतस्थळावर जातात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. दुकानातील संगणकावरची ती फाइल मात्र कोणीतरी आठवणीने पुसावीच लागते.

१८/१९
याहून वेगळी व्यवस्था अशक्य नव्हती, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे पहिली आधार ओळखपत्रे देण्यात आली. आधारच्या नोंदणीत नागरिकाने छायाचित्र आणायचे नसते. केंद्रचालक ते कॅमेऱ्याने टिपतो आणि आटवण्याचे काम यंत्रणा स्वतः करते. त्या योजनेवर अन्य अंगांनी पुष्कळ वाद झाले. पण केबी मोजण्याचा भार तिने माणसावर टाकला नाही. व्हॉट्सॲपही पाठवलेले चित्र आपणहून लहान करते. म्हणूनच कित्येक जण फोटो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवतात आणि तो उतरवून घेऊन अर्जाला जोडतात. आयबीपीएसच्या अर्जातही अलीकडे कॅमेऱ्यासमोर थेट छायाचित्र टिपण्याची अट आली; मात्र जुन्या चार फाइलींची मागणी तशीच राहिली.

१९/१९
अटी अनेकदा त्यांच्या कारणांपेक्षा दीर्घायुषी असतात. टेलिफोनचा मोडेम गेला, साठवण स्वस्त झाली, बोरिवलीच्या फलाटावर उभ्या मुलीच्या हातात आज सेकंदाला कित्येक मेगाबिट धावणारे जाळे आहे. तरी फाइल आटवण्याचे काम तिच्याकडेच राहिले. संकेतस्थळ मोठे चित्र स्वीकारून ते स्वतः कापू आणि आटवू शकते. तसे झाले तर अर्ज नाकारला जाण्याचे एक कारण कमी होईल आणि अंगठा अनोळखी संगणकावर ठेवण्याची वेळही टळेल. इतिहासाच्या अभ्यासकाला यात आणखी एक चिंता आहे. निशाणी नांगराचे कागद आजही मूळ मापात वाचता येतात. या पिढीचे अर्ज उद्या कोणी उघडले, तर लाखो तरुणांचे चेहरे २०० × २३० ठिपक्यांत सापडतील. मूळ छायाचित्र ज्या मोबाइलमध्ये होते, तो केव्हाच मोडीत निघालेला असेल.
(समाप्त)